दृष्टी चोरपावलांनी जाते

टेबलावर एक-एक रुपयाची दोन नाणी एकमेकांपासून सुमारे आठ सेंटिमीटर अंतरावर शेजारी शेजारी ठेवावीत. डावा डोळा तळहाताने झाकून घ्यावा आणि उजव्या डोळ्याने फक्त डावीकडील नाण्याकडे एकटक पाहावे. चेहरा टेबलापासून साधारण एक फुटावर ठेवून हळूहळू थोडा मागे-पुढे करावा. एका विशिष्ट अंतरावर उजवीकडील नाणे एकाएकी नाहीसे होते. नजर त्याच्याकडे वळवावी, तर ते जागच्या जागी असते.

या प्रयोगात जादू काहीच नाही. डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, जेथून मज्जातंतूंची दोरी मेंदूकडे निघते, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा ‘अंधबिंदू’ प्रत्येक निरोगी डोळ्यात असतो. सतराव्या शतकात फ्रान्समधील शास्त्रज्ञ एदम मारिऑत यांनी तो दाखवून दिला. नवल आहे ते निराळेच. नाणे नाहीसे झाले, तेव्हा त्या जागी काळे भोक दिसले नाही. टेबलाचाच रंग दिसला. मेंदूने आजूबाजूचा रंग घेऊन रिकामी जागा भरून टाकली आणि मालकाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. हिशेबात तूट असताना शिल्लक बरोबर दाखविणारा हा कारकून जन्मभर आपल्या सेवेत असतो. एरवी त्याचे उपकारच मानावेत. परंतु डोळ्यात खरोखर आजार शिरतो, तेव्हाही तो हेच काम तितक्याच निष्ठेने करीत राहतो. दृष्टीचे विकार उशिरा लक्षात येतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

दोनशे वर्षांची परंपरा आणि एक अवघड प्रश्न

हे सत्य किती जड आहे, याचा हिशेब मांडून दाखविणारे शहर म्हणजे चेन्नई. नेत्रवैद्यकाच्या इतिहासात या शहराचे स्थान मोठे आहे. तेव्हाच्या मद्रासमध्ये १८१९ साली ‘मद्रास आय इन्फर्मरी’ स्थापन झाली. लंडनचे मूरफील्ड्स रुग्णालय १८०५ सालचे. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी केवळ डोळ्यांसाठी असलेले रुग्णालय या शहरात उभे राहिले. पुढे ते एग्मोर येथे गेले आणि आज प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्था व शासकीय नेत्र रुग्णालय या नावाने कार्यरत आहे. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली याच संस्थेत डॉ. मुथय्या यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

त्याच काळात दक्षिणेकडे तंजावर येथे मराठी राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) वैद्यकाला उदार आश्रय देत होते. त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात औषधांची सिद्धता व परीक्षा चाले. नेत्ररुग्णांच्या तपासणीच्या नोंदी आणि त्यांबरोबर काढलेली डोळ्यांची चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत. रोग्याच्या डोळ्याचे चित्र काढून ठेवणे म्हणजे आज जे दिसते, त्याची उद्याशी तुलना करण्याची सोय करणे. नेत्रतपासणीचे मर्म मराठी राजाच्या त्या दप्तरात दोनशे वर्षांपूर्वीच उतरले होते.

एग्मोरच्या रुग्णालयाचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे अधीक्षक लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ च्या सुमारास काचबिंदूवरील एक शस्त्रक्रिया पुढे आणली. बुबुळाच्या कडेला, जेथे पांढरा भाग सुरू होतो, तेथे बारीक गोल छिद्र पाडून डोळ्यात तुंबलेल्या द्रवाला वाट करून देण्याची ही पद्धत ‘एलियटची शस्त्रक्रिया’ म्हणून जगभर गेली. आजच्या शस्त्रक्रिया कितीतरी अधिक सुरक्षित आहेत. तथापि तुंबलेल्या द्रवाला नवी वाट करून देण्याचे तत्त्व त्यांपैकी अनेकींत तेच आहे.

डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ साली चेन्नईतच ‘शंकर नेत्रालय’ स्थापन केले. या संस्थेच्या संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘चेन्नई ग्लॉकोमा स्टडी’ हा व्यापक अभ्यास हाती घेतला. शहरातील व आसपासच्या खेड्यांतील चाळीस वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे पावणेआठ हजार स्त्री-पुरुषांची कसून नेत्रतपासणी झाली. काचबिंदूचा जो प्रकार काहीही न दुखता हळूहळू वाढतो, त्याचे निष्कर्ष २००५ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रकार खेड्यांत शंभरामागे १.६२, तर शहरात ३.५१ व्यक्तींना आढळला. खरा धक्का पुढेच होता. ज्यांना हा आजार आढळला, त्यांच्यापैकी शेकडा नव्वदांहून अधिकांना तपासणीच्या दिवसापर्यंत आपल्याला काही आजार आहे, याची गंधवार्ताही नव्हती.

ज्या नगरीने काचबिंदूची शस्त्रक्रिया जगाला दिली, तेथेच शंभर वर्षांनंतर दहांतील नऊ रुग्ण अनभिज्ञ असावेत, हे कसे? रुग्णालये होती, तज्ज्ञ होते, औषधे होती. रुग्णालयाची पायरी चढावी असे रुग्णाला वाटायला लावणारी वेदना मात्र नव्हती. चेन्नईत जे आढळले, ते मुंबई, नागपूर किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी निराळे असेल, असे मानण्यास आधार नाही. म्हणूनच दृष्टिदोषाची लहानशी पूर्वचिन्हे ओळखणे आणि जेथे चिन्हच नसते, तेथे तपासणीचा नेम पाळणे, या दोन्ही गोष्टी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावयास हव्यात.

काचबिंदू: कडेने होणारी झीज

डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो आणि बारीक जाळीतून बाहेर जात असतो. हा निचरा मंदावला, की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या दोरीतील मज्जातंतू हळूहळू मरू लागतात. या दोरीत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. काही जणांत दाब ‘सामान्य’ मानल्या जाणाऱ्या मर्यादेत असतानाही ही झीज होते. त्यामुळे केवळ दाब मोजून निश्चिंत होता येत नाही.

झीज बहुधा नजरेच्या मध्याला वगळून आजूबाजूने सुरू होते. तक्त्यावरील शेवटची ओळ अशी व्यक्ती बिनचूक वाचते, सुईत दोरा ओवते, वर्तमानपत्रही वाचते. एका डोळ्याने न दिसणारा भाग दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली तूट मेंदू लपवितो. तरीही काही खुणा मागे राहतात. दाराच्या चौकटीला एकाच बाजूचा खांदा वारंवार घासतो. जिन्याची शेवटची पायरी चुकते. टेबलाच्या कडेचा पेला हाताने कलंडतो. रस्ता ओलांडताना एखादी दुचाकी ‘अचानक कुठून आली कोण जाणे’ असे वाटते. उन्हातून अंधाऱ्या नाट्यगृहात शिरल्यावर खुर्ची सापडायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो. घरची मंडळी याला धांदरटपणा म्हणतात आणि स्वतः ती व्यक्ती वयावर बोट ठेवते.

काचबिंदूच्या दुसऱ्या एका प्रकारात निचऱ्याची वाट अरुंद असते आणि ती मधूनमधून बंद होते. संध्याकाळी किंवा मंद उजेडात डोके व डोळा दुखणे, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसणे, थोडे धूसर दिसणे आणि झोप झाल्यावर सारे थांबणे, अशी त्याची पूर्वचिन्हे असतात. पुष्कळदा ही डोकेदुखी पित्ताची समजून घरगुती उपचार चालू राहतात.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो. घरात एकाला काचबिंदूचे निदान झाले, तर त्याच्या सख्ख्या नातेवाइकांनी तपासणी करून घेणे, हा त्या निदानाचाच एक भाग समजावा. गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. थेंब, लेसर अथवा शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी मात्र राखता येते. म्हणून निदानाच्या दिवशी किती शिल्लक आहे, यावर पुढील सारे अवलंबून असते.

मधुमेह: लक्षणाची वाट पाहू नये

मधुमेहात वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलावरील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. त्या पाझरू लागतात, काही बुजतात आणि पुढच्या टप्प्यात नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवून त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. चेन्नईतच झालेल्या ‘क्युअर्स’ या अभ्यासाच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेत्रविषयक निष्कर्षांनुसार मधुमेहींपैकी १७.६ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलावर असे बदल आढळले. ज्यांचा मधुमेह त्या पाहणीतच प्रथम उघडकीस आला, त्यांच्यातही हे प्रमाण ५.१ टक्के होते. म्हणजे आजाराचे नाव कळण्यापूर्वीच काहींच्या डोळ्यांपर्यंत तो पोहोचलेला होता.

या विकाराच्या आरंभी दृष्टी उत्तम असते. धूसर दिसू लागले किंवा डोळ्यापुढे लालसर-काळे धागे तरंगू लागले, याचा अर्थ आजार पुष्कळ पुढे गेला आहे. चष्म्याचा नंबर दोन-तीन महिन्यांत वर-खाली होत राहणे, ही मात्र रक्तातील साखर चढ-उतार करीत असल्याची एक सूचना असू शकते. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाचे निदान होताच बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे आणि पुढे दरवर्षी ही तपासणी करावी. मधुमेह असलेल्या गर्भवतींनी सुरुवातीच्या महिन्यांतच डोळे दाखवावेत. साखरेबरोबर रक्तदाबही आटोक्यात राहिला, तर डोळ्यांचे बरेच नुकसान टळते.

‘चाळिशी’च्या आड दडलेले

चाळिशीच्या आसपास वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, हा निसर्गक्रम आहे. डोळ्यातील भिंग लवचीकपणा गमावते आणि जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो. मराठीत या चष्म्यालाच ‘चाळिशी’ असे नाव पडले, इतका तो सर्वांच्या परिचयाचा. अडचण एवढीच, की पुढे नजरेत होणारा प्रत्येक बदल याच खात्यावर टाकला जातो.

मोतीबिंदूची चाहूल ओळखणे त्या मानाने सोपे आहे. रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे फार दिपतात, रंग फिके किंवा पिवळसर भासतात, वाचायला पूर्वीपेक्षा प्रखर उजेड लागतो, एकाच डोळ्याने पाहताना चंद्र दुहेरी दिसतो. कधी कधी उलटेच घडते. इतकी वर्षे चष्म्याशिवाय वाचता न येणाऱ्या आजोबांना अचानक विनाचष्मा वाचता येऊ लागते आणि घरात कौतुक होते. भिंगाचा गाभा घट्ट होत असल्याने आलेली ही तात्पुरती सवलत असते. तिच्यामागून मोतीबिंदू येत असतो. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळते, ही दिलासा देणारी गोष्ट. मात्र ‘मोतीबिंदूच असेल, पिकू द्या’ असे घरच्या घरी ठरवून वर्षे घालविणे धोक्याचे आहे. तो खरोखर मोतीबिंदूच आहे की त्यामागे काचबिंदूही आहे, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही.

पासबुकातील वाकडी रेघ

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची चिमुकली जागा असते. वाचणे, चेहरे ओळखणे, नोटेवरील आकडा पाहणे ही सारी बारीक कामे ती करते. उतारवयात या जागेची झीज होते. तिच्या एका प्रकारात खाली पाणी वा रक्त साठते आणि तेव्हा सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी यासाठी चौकटी आखलेला एक साधा तक्ता प्रचारात आणला. तो हाताशी नसेल, तर आलेख-कागद, स्नानगृहातील फरश्यांच्या सांध्यांच्या रेषा किंवा पासबुकातील रकाने हेही काम करतात. जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, मध्यावर नजर ठेवावी. रेघ मध्येच लहरल्यासारखी, तुटल्यासारखी किंवा तेथे डाग असल्यासारखे वाटले, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना भेटावे. डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांमुळे या प्रकारात पुष्कळांची दृष्टी वाचते. उपचार जितका लवकर, तितका लाभ अधिक. धूम्रपान हे या आजाराचे टाळता येण्याजोगे प्रमुख कारण आहे.

जेथे एक दिवसही थांबू नये

वरील चिन्हे सवडीने नव्हे, तरी वेळ ठरवून दाखविता येतात. पुढील चिन्हांना मात्र ‘उद्या पाहू’ हे उत्तर नाही.

डोळ्यापुढे एकाएकी असंख्य काळे ठिपके वा धागे तरंगू लागणे, डोळे मिटूनही कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसणे आणि एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली सरकणे, ही दृष्टिपटल फाटल्याची किंवा सुटत असल्याची चिन्हे असू शकतात. जास्त उणे नंबर असलेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका अधिक. एखाद-दुसरा जुना ठिपका निरुपद्रवी असतो. एकाएकी झालेली वाढ तशी नसते. मध्यभाग सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर दृष्टी राखण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते.

डोळ्यात असह्य कळ, लाली, धूसरपणा आणि त्याबरोबर उलटी, हे काचबिंदूच्या तीव्र झटक्याचे रूप असू शकते. उलटीमुळे पोटाचाच विकार समजून वेळ दवडू नये.

एका डोळ्याने अचानक काहीच न दिसणे, हा तासांचा प्रश्न असतो. काही मिनिटांनी दिसू लागले, तरी तो विषय संपत नाही. डोळ्याचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अडल्याची ती खूण असू शकते आणि पुढे येऊ घातलेल्या पक्षाघाताची ती पूर्वसूचना ठरू शकते. एकाएकी एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापणी खाली पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही जाणवल्यास रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

डोळ्यात चुना, आम्ल किंवा अन्य रसायन गेल्यास प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. येथे पाणी हाच पहिला डॉक्टर.

मूल तक्रार करीत नाही

जन्मापासून धूसर पाहणाऱ्या मुलाला सर्वांनाच असे दिसते, असे वाटते. त्यामुळे निरीक्षण मोठ्यांनीच करावयाचे असते. मूल दूरदर्शन संचाच्या अगदी जवळ बसते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवते, मान एका बाजूला कलती ठेवते, डोळे बारीक करते, एक डोळा झाकल्यावर रडून विरोध करते, ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. तिरळा डोळा भाग्याचा मानून सोडून देण्याची प्रथा आजही अनेक घरांत आहे. तिरळ्या किंवा मोठा नंबर असलेल्या डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू हळूहळू नाकारू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास त्याला कामाला लावणे सोपे असते. त्यानंतर ते अवघड होत जाते.

बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली लाल व दुसरीची पांढरी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जन्मजात मोतीबिंदूप्रमाणेच दृष्टिपटलाच्या कर्करोगाचेही ते पहिले चिन्ह असू शकते. हा कर्करोग वेळीच सापडला, तर बाळाचा जीव आणि अनेकदा डोळाही वाचतो.

दिवेलागणीनंतर मूल अडखळू लागले, तर अ जीवनसत्त्वाची उणीव आहे का, हे पाहावे. उणीव नसतानाही रातांधळेपणा वाढत असेल, तर दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार असू शकतो. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात विवाह होण्याची रीत तामिळनाडूत व महाराष्ट्राच्याही काही भागांत आहे. अशा कुटुंबांत हे विकार अधिक आढळतात, हे ध्यानात ठेवावे.

‘मद्रास आय’ आणि औषधाची जुनी बाटली

डोळे येण्याच्या साथीला देशाच्या अनेक भागांत ‘मद्रास आय’ म्हणतात. १९१८ साली मद्रासमध्ये आलेल्या साथीवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. बहुतेक वेळा हा विषाणूंचा संसर्ग असतो आणि स्वच्छता पाळल्यास आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतो. नुसते पाहिल्याने तो लागत नाही; हात, रुमाल, टॉवेल यांतून पसरतो.

धोका असतो तो उपायात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले किंवा शेजाऱ्याकडे उरलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घातले, की लाली झपाट्याने उतरते आणि औषध ‘लागू पडले’ असे वाटते. मग डोळा जरा चुरचुरला, की तीच बाटली निघते. असे थेंब दीर्घकाळ वापरल्यास काहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो आणि काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतात. लाली गेली आणि पुढे दृष्टीही गेली, अशी ही फसवी खरेदी. लालीबरोबर तीव्र वेदना, उजेड सहन न होणे किंवा धूसरपणा असेल, तर तो साथीचा आजार समजू नये.

काउंटरच्या दोन्ही बाजूंना

दृष्टी मंदावत असल्याच्या खुणा कधी कधी घराआधी बँकेच्या काउंटरवर दिसतात. वर्षानुवर्षे एकाच ठेवणीची असलेली स्वाक्षरी रेघेखाली घसरू लागते. पैसे काढण्याच्या चिठ्ठीतील आकडे चौकटीबाहेर जातात. निवृत्तिवेतनासाठी येणारे ज्येष्ठ खातेदार नोट पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरतात, एटीएमवर चुकीची कळ दाबतात किंवा रोजच्या ओळखीचा चेहरा आवाज ऐकल्यावरच ओळखतात. स्वाक्षरी जुळत नाही, एवढीच नोंद करून त्यांना परत पाठविण्याऐवजी ‘काका, अलीकडे डोळे दाखवलेत का?’ असे आपुलकीने विचारणारा कर्मचारी त्यांचे मोठे काम करतो.

काउंटरच्या आतील बाजूसही काळजी हवी. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, सायंकाळी धूसर दिसणे या तक्रारी होतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहावे, पडदा नजरेच्या किंचित खाली असावा, पंखा वा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट डोळ्यांवर नसावा. विश्रांतीनंतरही धूसरपणा राहत असेल, तर दोष संगणकावर ढकलून स्वस्थ बसू नये.

नंबर काढणे म्हणजे तपासणी नव्हे

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणला, की डोळे तपासले, असे पुष्कळांना वाटते. तक्त्यावरील अक्षरे नजरेच्या फक्त मध्याची परीक्षा घेतात. पूर्ण तपासणीत डोळ्यांचा दाब, निचऱ्याची वाट, बाहुली मोठी करून पाहिलेले दृष्टिपटल व मज्जेचे टोक आणि आवश्यक तेथे दृष्टिक्षेत्राचे मोजमाप यांचा समावेश असतो. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. म्हणून बरोबर कोणीतरी असावे आणि स्वतः वाहन चालवू नये. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी, तर मधुमेह किंवा घरात काचबिंदूचा इतिहास असल्यास डॉक्टर सांगतील तितक्या वेळा ही तपासणी व्हावी. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी शासकीय जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे नेत्रविभाग आहेत. भारताने १९७६ सालीच अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या सोयी कागदावर राहू नयेत, हे आपल्याही हाती आहे. तपासणीचे जुने कागद मात्र पासबुकाइतकेच जपून ठेवावेत. मागील नोंद असेल, तरच झीज किती झाली, ते कळते.

याखेरीज एक सवय विनामूल्य आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला भिंतीवरील दिनदर्शिकेचे पान बदलताना चष्मा लावून आधी उजवा, मग डावा डोळा झाकावा. दोन्ही डोळ्यांना आकडे सारखेच स्पष्ट दिसतात का? रकान्यांच्या रेषा सरळ आहेत का? एखादा कोपरा पुसट वाटतो का? अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो, ती सोय या अर्ध्या मिनिटापुरती बंद होते. कित्येकांना आपला एक डोळा जवळजवळ निकामी झाला आहे, हे दुसऱ्या डोळ्यात कचरा गेल्याच्या दिवशी प्रथम कळते. तो योगायोग घडण्याची वाट पाहण्यापेक्षा दिनदर्शिकेचे पान बरे. काचबिंदूची आरंभीची झीज मात्र या चाचणीत दिसत नाही. तिच्यासाठी डॉक्टरांकडील तपासणीला पर्याय नाही.

बँकेत रोज सायंकाळी रोकड मोजली जाते. सकाळी ती बरोबर होती, म्हणून कोणी मोजणी सोडून देत नाही. दोन डोळ्यांच्या या ठेवीला ना विमा, ना परतावा. गेलेले मज्जातंतू पुन्हा जमा होत नाहीत. टेबलावरील ते दुसरे नाणे दिसेनासे झाले, तेव्हा नजर वळविताच परत सापडले. आजाराने हिरावलेले नाणे तसे सापडत नाही. म्हणून ते जागेवर आहे ना, हे वेळोवेळी पाहावे.